पतीच्या निधनानंतर मोबाइलवरून समुपदेशन: एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: माझे वय 55. कराडजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे; निवृत्तीला तीन वर्षे आहेत. आठ महिन्यांपूर्वी यजमान हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. आता घरात 81 वर्षांच्या सासूबाई आणि मी. मुलगा बेंगळुरूला नोकरी करतो आणि घर विकून दोघींनी तिकडे यावे असे म्हणतो. मला झोप नीट लागत नाही, शिकवताना मध्येच विषय निसटतो, सासूबाईंवर चिडचिड होते. यजमानांचा मोबाइल मी अजून रिचार्ज करते, कारण बँकेचे ओटीपी त्यावर येतात. पण खरे कारण तेवढेच नाही. मुलाने ऑनलाइन समुपदेशनाचे एक ॲप सुचवले आहे. अनोळखी माणसाशी मोबाइलवर बोलून उपयोग होतो का? घर दोन खोल्यांचे आहे, तर बोलायचे कुठे? आणि मला हा मानसिक आजार तर नाही ना?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ती शंका मनात ठेवून पुढचे वाचले तर प्रत्येक वाक्यात तुम्ही स्वतःचा आजारच शोधत राहाल. जोडीदार असा ध्यानीमनी नसताना गेल्यावर आठ महिन्यांनीही झोप तुटक लागणे, फळ्यावर लिहिता लिहिता पुढचे न आठवणे, जवळच्या माणसावर चिडणे आणि नंतर त्या चिडण्याबद्दल स्वतःलाच दोष देणे, हे सारे शोकात अपेक्षितच असते. शोक लांबला तर त्याला विकार कधी म्हणायचे, याचे निकष अलीकडे दोन ठिकाणी नोंदवले गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकालीन शोकविकाराची नोंद आहे आणि त्यासाठी किमान 6 महिन्यांची अट आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मार्च 2022 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत हाच विकार समाविष्ट केला, मात्र प्रौढांसाठी मुदत 12 महिन्यांची ठेवली. म्हणजे निव्वळ महिने मोजले तर तुम्ही एका निकषात बसता आणि दुसऱ्यात बसत नाही. तेव्हा महिने मोजून भिण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे मुदतीपेक्षा महत्त्वाचे असे बरेच काही मागितले आहे: गेलेल्या माणसाची तीव्र ओढ जवळजवळ रोज आणि दिवसभर असणे, त्यामुळे कामधाम व नातीगोती ठप्प होणे, आणि त्या समाजाच्या रीतीत जेवढा शोक स्वाभाविक मानतात त्यापलीकडे तो जाणे. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घर शोकात असते, सणवार मनापासून होत नाहीत आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तुम्ही शाळेत जाता, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळता, एवढे नीटनेटके पत्र लिहिता. पत्रावरून निदान कोणीच करू नये, मीही करत नाही. पण त्यात घाबरण्याजोगे मला काही दिसले नाही.

एक गोष्ट मात्र समुपदेशनाच्या आधी उरकून घ्या. पंचावन्नाव्या वर्षी झोप आणि लक्ष बिघडण्याची शारीरिक कारणेही असू शकतात. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-12 आणि रक्तदाब तपासून घ्या. सगळे दुःखाच्या खाती टाकले की साधे उपचार राहून जातात, हे आमच्या व्यवसायात वारंवार दिसते.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात असे तुम्हाला कोणीतरी सांगितले असेल किंवा पुढे सांगेल. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्या मुळात स्वतःचे मरण समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांना लावायची ती इयत्तावार पट्टी नव्हे. मला अधिक उपयोगाची वाटते ती मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या शोकाच्या अभ्यासकांनी 1999 मध्ये केलेली मांडणी. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन कामांमध्ये ये-जा करत असतो. एक काम गेलेल्या माणसाकडे वळून पाहण्याचे, रडण्याचे, आठवण्याचे. दुसरे काम नव्याने अंगावर आलेला संसार रेटण्याचे. सकाळी त्यांचा शर्ट हाताला लागला म्हणून तुम्ही कपाटापाशी बसून राहिलात आणि दुपारी यू-डायस या सरकारी प्रणालीत शाळेची माहिती भरताना तीन तास त्यांची आठवणही आली नाही, तर या दोन्ही गोष्टी शोकाचाच भाग आहेत. दुपारबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही आणि सकाळबद्दल लाजण्याचेही नाही. अडचण येते ती ये-जा थांबल्यावर, म्हणजे माणूस एकाच बाजूला अडकून पडल्यावर. तुमच्या पत्रात संसार रेटण्याची बाजू पानभर आहे आणि यजमानांबद्दल मोबाइलचे ते एकच वाक्य आहे. समुपदेशनात पहिले काम तिथे असेल असा माझा अंदाज आहे.

तुमच्या मनावर आज तीन वेगवेगळी ओझी आहेत आणि ती एकत्र झाल्यामुळे कोणते कशाचे हे कळेनासे झाले आहे. दुःख आहे, घर, शाळा आणि वृद्ध सासूबाई यांचा रोजचा ताण आहे, आणि गाव सोडण्याचा, त्याच सुमारास निवृत्तीचा, असा बदल समोर उभा आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या दोन अमेरिकी डॉक्टरांनी 1967 मध्ये आयुष्यातील 43 घटनांना ताणाचे गुण दिले. त्या यादीत जोडीदाराचा मृत्यू सर्वांत वर, 100 गुणांवर आहे. निवृत्ती 45 वर आणि राहते ठिकाण बदलणे 20 वर. हे आकडे कुंडलीसारखे मांडून भविष्य काढायचे नसते, परंतु त्यांतून एक व्यवहार्य गोष्ट कळते ती अशी की घटना एकावर एक रचल्या की वजन वाढते, आणि त्यांतली निदान एखादी पुढे ढकलणे बहुधा आपल्या हातात असते. वारसनोंदी, कुटुंब निवृत्तिवेतन, बँकेतली नामनिर्देशने ही कामे थांबवू नयेत, त्यांना मुदती असतात. घर विकण्याला मुदत नसते. चांगला समुपदेशक बेंगळुरूला जा किंवा जाऊ नका असे सांगणार नाही. तो विचारील की जाण्याचे नाव काढल्यावर पोटात काय होते, सासूबाईंना काय वाटते, मुलगा हे तुमच्यासाठी म्हणतो आहे की स्वतःची काळजी मिटावी म्हणून, आणि तीन वर्षांनी निवृत्त झाल्यावर हाच प्रश्न कसा दिसेल.

आता मोबाइलवरून बोलण्याचा उपयोग. समुपदेशन म्हणजे केवळ सल्ला असे धरले तर तो फोनवर मिळाला काय आणि समोर मिळाला काय, फरक पडू नये. पण समुपदेशन म्हणजे एका माणसाच्या साक्षीने स्वतःचे ऐकणे, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. याचा चांगला अभ्यास झालेला आहे. शिकागोमध्ये नैराश्य असलेल्या 325 जणांना एकच मानसोपचार निम्म्यांना फोनवरून आणि निम्म्यांना समोरासमोर देण्यात आला. डेव्हिड मोर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचार संपताना दोन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच होती. उपचार अर्ध्यावर सोडणारे लोक फोनच्या गटात कमी होते. मात्र सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा समोरासमोर भेटलेल्यांची स्थिती थोडी बरी होती. मी याचा अर्थ असा लावते: दूरवरून केलेले समुपदेशन काम करते, ते दुय्यम दर्जाचे नाही, आणि ज्याला प्रत्यक्ष जाणे कठीण आहे तो निदान ते पूर्ण तरी करतो; पण संपल्यानंतर अधूनमधून एखादे सत्र घेत राहणे शहाणपणाचे. आपल्याकडेही हे काही करोनाकाळात उगवलेले नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा 2012 पासून फोन आणि ईमेलवरून समुपदेशन देत आली आहे.

पडद्यावर काही गोष्टी हरवतात, हेही मान्य केले पाहिजे. माणूस खुर्चीत कसा बसला आहे, हाताने पदराशी काय चाळा करतो आहे, हे दिसत नाही. सर्वांत अवघड जाते ती शांतता. समोरासमोर बसल्यावर दोन मिनिटे कोणी बोलले नाही तरी ती शांतता भरलेली असते, फोनवर दहा सेकंद गेले की माणूस "हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणतो आणि डोळ्यांत आलेले पाणी तिथेच आटते. या कामात मुरलेला समुपदेशक पहिल्याच सत्रात सांगून ठेवतो की मी गप्प असले तरी लाइनवर आहे, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या, फोन कटला तर मीच पुन्हा लावीन. हे वाक्य कोणी आपणहून उच्चारले तर त्याला ऑनलाइन कामाचा सराव आहे असे समजायला हरकत नाही. नेटवर्क कच्चे असेल तर व्हिडिओचा आग्रह धरू नका. पडद्यावर गोठलेल्या चेहऱ्यापेक्षा स्वच्छ आवाज केव्हाही बरा, आणि कित्येक जणींना कोणी पाहत नसताना बोलणे सोपे जाते.

पण दूर बसून बोलण्याचा एक लाभ आहे, जो माझ्या दवाखान्यात मला कधीच मिळत नाही: तुम्ही त्याच घरात असता. शोकाची सगळी सामग्री तुमच्या हाताच्या अंतरावर असते. कपाट हे त्याचे साधे उदाहरण. नातेवाईक म्हणतात कपडे देऊन टाक, मोकळी होशील. आणि एखादी जाऊ दिवसांनंतर लगेच सगळे आवरूनही टाकते, मग पुढे वर्षानुवर्षे एका स्वेटरची हळहळ राहते. ऑनलाइन सत्रात हेच काम सावकाश करता येते. फोन स्पीकरवर ठेवून एकच कप्पा उघडायचा, एकेक वस्तू हातात घेऊन ती कोणाची, कधीची, हे सांगायचे. ठेवायच्या, द्यायच्या आणि अजून ठरत नाही अशा तीन जागा करायच्या. या तिसऱ्या जागेला मी फार मान देते. पहिल्या दिवशी सगळे तिथेच गेले तरी चालते. समुपदेशक मध्ये घाई करत नाही. तो फक्त विचारतो, हा शर्ट शेवटचा कधी घातला होता त्यांनी? तेवढ्यावर कधी कधी सगळे सत्र जाते.

आणि तो मोबाइल. नंबर बंद करा, वास्तव स्वीकारा, असे तुम्हाला कोणी सांगितले तर त्याला सोडून द्या, मग तो समुपदेशक असला तरी. बँकेतली नोंद बदलून ओटीपी स्वतःच्या क्रमांकावर घेणे हे व्यवहाराचे काम आहे आणि ते लवकर केलेले बरे, कारण मृताच्या नावावरील खाते आपणच चालवत राहणे पुढे अडचणीचे ठरते. बँकेला मृत्यूचा दाखला देऊन रीतसर दावा करावा लागतो. ते झाल्यानंतरही रिचार्ज चालू ठेवावासा वाटला तर ठेवा. गेलेल्या माणसाशी नाते तोडणे हे शोकाचे उद्दिष्ट असते, हा समज आता अभ्यासकांनीही मागे टाकला आहे. रोज त्या नंबरवर फोन लावून तो वाजताना ऐकणे, त्यावाचून रात्र न सरणे, असे होत असेल तर मात्र ते सत्रात सांगा. तेव्हाही प्रश्न सिमकार्डाचा नसतो, त्या रात्रीचा असतो.

बोलायचे कुठे, हा तुमचा प्रश्न बहुतेक लेखांत शेवटच्या ओळीत येतो; माझ्या मते आपल्याकडच्या ऑनलाइन समुपदेशनाचे निम्मे यश त्यावर ठरते. शहरातल्या माणसाला वाटते स्वतंत्र खोली असतेच. दोन खोल्यांच्या घरात, जिथे दाराला कडी क्वचितच लागते आणि लागली तर काय झाले म्हणून विचारणा होते, तिथे पन्नास मिनिटांचे मोकळे बोलणे ही मोठी व्यवस्था करावी लागणारी गोष्ट आहे. लोक इअरफोन लावून निर्धास्त होतात. परंतु इअरफोनने समुपदेशकाचा आवाज लपतो, तुमचा नाही. आणि घरच्यांनी ऐकू नये असे जे असते ते तुमच्याच तोंडून निघणार असते. सासूबाईंना कमी ऐकू येत असेल आणि संध्याकाळी त्यांची मालिका मोठ्या आवाजात चालत असेल, तर ती वेळ उपयोगी आहे. गच्ची असेल तर उत्तम, फक्त शेजारच्या गच्चीवर त्या वेळी वाळवण काढायला कोण येते ते आधी पाहा. तुमच्यासाठी मला सर्वांत सोयीची जागा शाळा वाटते. सुटल्यानंतर रिकाम्या वर्गात बसता आले तर तिथे तुम्ही कोणाची सून नाही, कोणाची आई नाही, आणि टेबलापाशी बसून एखाद्या विषयावर तासभर बोलणे तुमच्या अंगवळणी आहे. मुख्याध्यापकांना कारण सांगण्याची गरज नाही; किल्ली कोणाकडे द्यायची तेवढे विचारा. कोणी अचानक आत आले तर काय म्हणायचे हे समुपदेशकाशी आधीच ठरवून ठेवा. "उद्याच्या तासाचं टाचण काढायचं राहिलंय" असे तुम्ही म्हणालात की त्याने समजावे, आता विषय बदलायचा.

सासूबाईंना काय सांगायचे? खोटे सांगू नका, ते निभावत नाही. "झोप लागत नाही म्हणून एका बाईंशी फोनवर बोलते, डॉक्टरांसारख्याच आहेत" एवढे पुरेसे आहे.

माणूस निवडताना पाट्या वाचायला शिका, कारण आपल्याकडे समुपदेशक ही पाटी कोणीही लावू शकतो अशी स्थिती बराच काळ होती. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषध देण्याचा अधिकार या सर्वांत त्यालाच आहे. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन, म्हणजे दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या, मार्गदर्शक सूचनांनुसार तो व्हिडिओवर तपासून काही औषधे लिहून देऊ शकतो. अमली व गुंगी आणणाऱ्या पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधे मात्र दूरवरून देता येत नाहीत, म्हणून झोपेच्या गोळ्या घरपोच मिळवून देणाऱ्या ॲपपासून लांब राहा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) औषध न देता बोलण्यातून उपचार करतो; त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. खरा माणूस तो लगेच सांगतो. समुपदेशकांसाठी 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने चौकट आखली असली तरी तिची घडी अजून सर्वत्र बसलेली नाही. त्यामुळे मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात एम.ए. आहे का, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, पतिनिधनानंतरच्या शोकाचे काम पूर्वी केले आहे का, आणि आपले काम कोणा ज्येष्ठाला दाखवून घेता का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल तर मला त्या माणसाबद्दल विशेष भरवसा वाटतो. आठवड्याभराचा जीवनप्रशिक्षकाचा (लाइफ कोचचा) अभ्यासक्रम करून आलेले लोकही याच ॲपवर भेटतात. ते सज्जन असतील. पण शोक हा त्यांचा प्रांत नव्हे.

भाषेचा आग्रह धरा. ॲप तुम्हाला आपोआप एखादी हिंदी किंवा इंग्रजी बोलणारी व्यक्ती जोडून देते, आणि शिक्षिका असल्याने तुम्ही दोन्ही भाषांत निभावून न्याल. निभावून नेण्यासाठी हा तास नाही. दहाव्याला कावळा शिवला नाही म्हणून मनाला लागलेली टोचणी, कुंकू लावावे की नाही यावरून आरशापुढे घालवलेली सकाळ, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीने या वर्षी न बोलावणे, या गोष्टी ज्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत असा माणूस हवा. यातला शेवटचा सल खोल असतो, कारण तो दुःखाचा नसून अपमानाचा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. तरीही तुमच्या आळीत तो पोहोचला असेलच असे नाही. समुपदेशकाने अशा वेळी तुमच्या मनाला समजूत घालायला शिकवू नये. जे चुकीचे आहे ते चुकीचे म्हणावे, आणि मग तुम्हाला त्याचे काय करायचे आहे ते विचारावे. हळदीकुंकू तुम्हीच ठेवायचे की नाही, हा निर्णय तुमचा.

ॲपबद्दल एक इशारा. तुमचे शब्द कुठे साठवले जातात हे पाहिल्याशिवाय काही लिहू नका. अमेरिकेतील बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची मानसिक आरोग्याविषयीची माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी पुरवल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि 2023 मध्ये तिला 78 लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, पण एकदा गेलेली माहिती कायद्याने परत येत नाही. ॲपला संपर्कयादी आणि फोटो पाहण्याची परवानगी देऊ नका, सत्र ध्वनिमुद्रित होते का ते विचारा, आणि शक्य असेल तर ॲपऐवजी माणूस शोधून त्याच्याशी थेट ठरवा. मला स्वतःला ही दुसरी वाट अधिक पसंत आहे. माणसाऐवजी संगणकच उत्तर देतो अशी (चॅटबॉटची) ॲपही निघाली आहेत; मध्यरात्री मन मोकळे करायला ती चालतील, पण तुमच्याबद्दल त्यांची कोणतीही जबाबदारी नसते.

पैसे मुलगा भरणार असेल तर भरू द्या, मात्र त्याला हिशेब फक्त पैशांचा मिळेल हे सुरुवातीलाच स्पष्ट करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 ने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि आजार नसलेल्यांच्या समुपदेशनातही आमच्या व्यवसायाचा दंडक तोच आहे. खासगी सत्राचे शुल्क काही शेकड्यांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत असते, आणि जास्त शुल्क म्हणजे चांगला समुपदेशक असे समीकरण नाही. विमा बहुधा कामी येत नाही, कारण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेल्या असतात. फुकट आणि मराठीत बोलायचे असेल तर केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू आहे. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल याची खात्री तिथे नसते, म्हणून सलग काही आठवड्यांच्या शोककामाला ती अपुरी पडते. पण कोणाशी बोलू आणि कुठे जाऊ, हे विचारायला ती उत्तम सुरुवात आहे.

पहिल्या सत्रात बरीचशी कागदपत्री होईल, त्याने विरस होऊ देऊ नका. तुम्ही आता कुठल्या पत्त्यावर बसला आहात, जवळ कोण आहे, तातडीची वेळ आली तर कोणाला फोन करू, असे समुपदेशक विचारील. हे विचारले नाही तर उलट शंका घ्या, कारण मैलोगणती दूर बसलेल्या माणसाला याशिवाय तुमची काळजी घेता येत नाही. मग तो झोप, भूक, जुने आजार विचारील, आणि कदाचित नऊ प्रश्नांची एक छोटी चाचणी भरायला देईल, ज्यात एकूण गुण 0 ते 27 असतात. 10 किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची नीट तपासणी करायची असते. त्यावरून तुम्ही नापास ठरत नाही. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. शोकात "त्यांच्यापाशी जावं" असे वाटणे पुष्कळांना होते आणि ते निर्भयपणे सांगा. ओढ वाटणे वेगळे आणि कसे, केव्हा याचा विचार सुरू होणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे काही मनात येऊ लागले तर सत्राची वाट पाहू नका: घरातल्या कोणाला तरी जवळ बसवा, 14416 लावा, धोका समोर दिसत असेल तर 112, आणि जवळच्या रुग्णालयात प्रत्यक्ष जा. तिथे मोबाइलवरचे समुपदेशन पुरत नाही, आणि कोणी पुरते म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

साधारण आठवड्याला एक याप्रमाणे तीन-चार सत्रे झाल्यावर स्वतःला विचारा की सत्र संपल्यानंतर आपण कशा असतो. त्या संध्याकाळी थकवा येणे, रडू येणे चालते. पण दर वेळी उपदेश ऐकून आल्यासारखे वाटत असेल, समुपदेशक स्वतःच्याच आयुष्यातले दाखले देत असेल, किंवा "सकारात्मक विचार करा" यापलीकडे काही हाती लागत नसेल, तर बदला. "मला आपले जुळत नाही असे वाटते" एवढेच म्हणा. या व्यवसायातल्या माणसाने त्याचा राग मानायचा नसतो, आणि चांगला असेल तर तो स्वतःच दुसरे नाव सुचवतो.

सासूबाईंबद्दल तुम्ही केवळ चिडचिडीपुरते लिहिले आहे. त्यांचा मुलगा गेला आहे, आणि वयाच्या 81 व्या वर्षी मुलगा जाणे याला आपल्याकडे बोलायला शब्द फारसे नाहीत; सांत्वनाला येणारे लोक बायकोला भेटून जातात, आईला पाया पडून. तुम्ही दोघी एकाच माणसाचा शोक एकाच छपराखाली वेगवेगळ्या वेळापत्रकाने करत आहात, आणि तुमची चिडचिड बरीचशी त्या वेळापत्रकांच्या टकरीतून येत असावी असे मला वाटते: तुम्हाला विसरून काम करायचे असते तेव्हा त्या आठवण काढतात, आणि तुम्हाला बोलावेसे वाटते तेव्हा त्यांची मालिका चालू असते. काही सत्रांनंतर, तुम्हाला योग्य वाटले आणि त्यांची तयारी असली तर, एखादे सत्र दोघींनी मिळून घेता येईल. त्या वेळी शाळा नको, घरच बरे. फोन स्पीकरवर, आणि कमी ऐकू येत असेल तर समुपदेशकाचे बोलणे तुम्ही त्यांना पुन्हा सांगायचे नाही, त्यालाच मोठ्याने बोलायला सांगायचे, नाहीतर तुम्ही सत्रात न राहता दुभाषी होऊन बसाल. असे करायचे ठरले तर ते आदल्या सत्रातच त्याच्या कानावर घाला, कारण दोघींना एकत्र घेऊन बोलायला वेळ जास्त लागतो आणि सगळ्याच समुपदेशकांना कौटुंबिक सत्रांचा सराव असतो असे नाही.